स्थिर चित्र कीं चलच्चित्र? कॅमेऱ्याच्या निवडीचा विचार

घरांत एखादी किंमती वस्तु यावयाची असली, म्हणजे ती येण्यापूर्वीं तिच्यावर वाद व्हावा, हा सुशिक्षित घरांचा जुना शिरस्ता आहे. पूर्वीं हा मान शिवणयंत्राला होता, मग तो रेडिओकडे गेला, पुढें दूरचित्रवाणीनें तो घेतला. आज पुष्कळ घरांत तो कॅमेऱ्याकडे आला आहे. समजा, परभणी शहरांतील एका घरांत असाच वाद पडला आहे. घरांतील थोरली मुलगी तेथील कृषि विद्यापीठांत शिकते. तिला पिकांवरील रोगांचीं छायाचित्रें घ्यावयाचीं आहेत. शिवाय सुटीच्या दिवशीं जिंतूर तालुक्यांत चारठाण्यास जाऊन तेथील जुन्या देवळांचीं व कोरीव स्तंभांचीं चित्रें टिपण्याचा तिला नाद आहे. धाकट्या मुलाला चलच्चित्राचा ध्यास आहे. लग्नसराईंत चार पैसे मिळवावे, पुढें एखादा लहानसा माहितीपट करावा, अशी त्याची उमेद आहे. गांवाकडील शेताच्या कापसांतून वडिलांनीं बाजूस काढून ठेवलेली रक्कम एकाच कॅमेऱ्यापुरती आहे. आणि कोपऱ्यांत बसून हा सारा वाद ऐकणारी एक आजी आहे. तिचें माहेर ताडकळसच्या बाजूचें व वय ऐंशीच्या पुढें. तिचा या वादाशीं काय संबंध, तें पुढें येईल.

दुकानांत गेल्यावर या भावंडांस एक सोपें उत्तर मिळतें. दुकानदार म्हणतो, "ताई, हा बिनआरशाचा कॅमेरा घ्या. फोटो पण निघतो, व्हिडिओ पण निघतो. दोघांचेंही काम झालें." हें उत्तर खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे. एकाच विळीवर भाजी चिरतां येते व नारळही खवतां येतो. म्हणून कांहीं पातें आणि खवणी एक होत नाहींत.

प्रथम या यंत्राची ओळख करून घेणें बरें. आरशाच्या कॅमेऱ्यांत भिंगामागें एक आरसा तिरपा बसविलेला असतो. भिंगांतून आलेला प्रकाश तो वर लोलकाकडे परतवितो आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यास दृश्य दिसतें. कळ दाबली कीं आरसा वर उचलला जातो, शटर उघडतें व प्रकाश सेन्सरवर पडतो. तेवढ्या क्षणापुरता पाहणारा आंधळा होतो. स्थिर चित्रास हें चालतें, कारण तेथें क्षणभराचेंच काम असतें. चलच्चित्रांत मात्र आरसा सतत वर धरून ठेवावा लागतो आणि मग आरसा व लोलक हीं दोन्हीं निरुपयोगी ओझीं होतात. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत हीं ओझीं काढून टाकलेलीं असतात. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरास जें दिसतें तेंच एका लहानशा पडद्यावर डोळ्यास दिसतें.

या बदलाचा इतिहास अगदीं अलीकडचा आहे. २००८ सालीं निकॉनच्या डी ९० या आरशाच्या कॅमेऱ्यानें चलच्चित्र घेण्यास आरंभ केला व त्याच सालीं कॅननच्या ५ डी मार्क दोननें त्यांत मोठी मजल मारली. गंमत अशी कीं, त्याच वर्षीं पॅनासॉनिकनें जी १ हा आरसा वगळलेला कॅमेरा बाजारांत आणला, पण त्यावर चलच्चित्र मुळींच घेतां येत नसे. ती सोय पुढील वर्षींच्या जीएच १ मध्यें झाली. २०१३ मध्यें सोनीनें ए ७ मध्यें जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर बसविला. २०१८ मध्यें निकॉन व कॅनन यांनीं याच आकाराचे आपापले बिनआरशाचे कॅमेरे आणले, आणि तेव्हांपासून नव्या कॅमेऱ्यांचा ओघ याच बाजूस वळला.

यंत्र नवें असलें तरी वाद नवा नाहीं. महाराष्ट्रांत तो सव्वाशे वर्षांपूर्वींच सुरू झाला. मुंबईस हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे व्यवसायानें छायाचित्रकार होते. सावेदादा या नांवानें लोक त्यांस ओळखत. ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं. हा नवा चमत्कार पाहून सावेदादांनीं विलायतेहून चलच्चित्राचा कॅमेरा मागविला, आणि १८९९ सालीं हँगिंग गार्डन येथें झालेल्या कुस्तीचें चित्रण केलें. डिसेंबर १९०१ मध्यें रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले तेव्हांचें त्यांचें स्वागतही त्यांनीं टिपलें. कुस्ती हा विषय त्यांस कां सुचला असावा? स्थिर चित्रांत दोन मल्ल नुसते एकमेकांस धरून उभे दिसतात. डाव कसा टाकला, तो कसा सुटला, पाठ कशी टेकली, हें चित्र हलल्यावांचून समजत नाहीं. विषयानेंच साधन ठरविलें.

दुसरें उदाहरण दादासाहेब फाळके यांचें. तेही आधीं छायाचित्रकारच होते; गोध्र्यास त्यांनीं छायाचित्रांचा धंदा केला होता. १९१२ सालीं विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून परतले, आणि भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनीं कुंडींत एक वाटाणा पेरला. दिवसांमागून दिवस त्या कुंडीपुढें कॅमेरा ठेवून ते चौकटीमागून चौकट घेत राहिले. पडद्यावर तें रोप डोळ्यांदेखत उगवून वाढलें, कर्ज मिळालें, आणि ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. वाटाण्याचें तें चित्र स्थिर कीं चल? घेतांना तें स्थिर होतें, पाहतांना चल झालें. दोन्ही कला एकाच बीजाचीं दोन दळें आहेत, हें त्या कुंडीनें दाखविलें.

मग दळें वेगळीं कोठें होतात? तीं काळाच्या हिशेबांत वेगळीं होतात. स्थिर चित्र घेणारा काळ कापतो. उडत्या पांखराचे पंख स्पष्ट यावे म्हणून तो शटर सेकंदाच्या एक हजारांश किंवा त्याहूनही कमी वेळ उघडतो. चलच्चित्र घेणाऱ्यास काळ वाहता ठेवावा लागतो. सेकंदास २५ चौकटी घ्यावयाच्या, तर प्रत्येक चौकटीसाठीं शटर सुमारें १/५० सेकंद उघडें ठेवावें, असा ठोकताळा आहे. हलत्या वस्तूची थोडी पुसट रेघ चौकटींत उतरली तरच पुढल्या चौकटीशीं ती सांधली जाते. नाहींतर चालणारा माणूस कळसूत्री बाहुलीसारखा धक्क्याधक्क्यानें चालूं लागतो.

या एका आंकड्यांतून मोठा खर्च निघतो. परभणीचें कडक ऊन घ्या. सेन्सरची संवेदनशीलता १०० ठेवली आणि शटर १/५० वर ठेवलें, तर भिंगाचें छिद्र जवळजवळ एफ २२ इतकें बारीक करावें लागतें. माणसाचा चेहरा स्पष्ट व मागील गर्दी पुसट हवी म्हणून छिद्र एफ ४ पर्यंत उघडावें, तर प्रकाश बत्तीस पटींनीं अधिक येतो व चित्र पांढरें फटक पडतें. त्यावर उपाय म्हणजे भिंगापुढें करडी कांच बसवून प्रकाश तितकाच कमी करणें. छायाचित्रकार अशा वेळीं शटरचा वेग वाढवून मोकळा होतो. त्याला त्या कांचेची गरज नाहीं. चलच्चित्रकारानें मात्र तिची किंमत कॅमेऱ्याच्या किंमतींत आधींच धरावी.

दुसरा फरक बारकाव्याचा. चोवीस मेगापिक्सेलच्या चित्रांत आडवे ६००० व उभे ४००० बिंदु असतात. इंचास ३०० बिंदु या मानानें तें वीस इंच रुंद व तेरा इंचांहून थोडें अधिक उंच असें कागदावर छापतां येतें. ज्याला फोर-के म्हणतात त्या चलच्चित्राची एक चौकट ३८४० बाय २१६० बिंदूंची, म्हणजे सुमारें त्र्याऐंशी लक्ष बिंदूंची असते. पडद्यास ती भरपूर आहे. पण चारठाण्याच्या स्तंभावरील नक्षी अभ्यासासाठीं जपून ठेवावयाची, तर अडीच कोटींच्या जवळ जाणाऱ्या बिंदूंचें मोल वेगळेंच. रंगांतही असाच भेद आहे. छायाचित्राच्या कच्च्या नोंदींत प्रत्येक मूळ रंगाच्या पुष्कळदां १६,३८४ छटा धरल्या जातात. साध्या आठ-बिट चलच्चित्रांत त्या २५६ असतात व दहा-बिटांत १०२४. भेंडीच्या पानावर केवडा रोग पडला म्हणजे शिरा पिवळ्या होतात. या रोगास दाद न देणारें 'परभणी क्रांती' हें वाण येथील कृषि विद्यापीठानेंच दिलें. अशा रोगाची पहिली खूण टिपावयाची, तर पिवळा व हिरवा यांमधील सूक्ष्म छटाच महत्त्वाची ठरते. तेथें थोरल्या मुलीचा आग्रह रास्त आहे. तिला जवळून टिपणारें चांगलें भिंग हवें, घट्ट तिपाई हवी. चलच्चित्राच्या गुणांसाठीं जादा पैसे मोजण्याचें तिला कारण नाहीं.

तिसरी गोष्ट तापमानाची. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेंत ते शून्य ते चाळीस अंश सेल्सिअसपर्यंत वापरावे असें लिहिलेलें असतें. परभणीचा मे महिना ही मर्यादा सहज ओलांडतो. छायाचित्र घेतांना सेन्सरास मधून मधून विश्रांति मिळते. चलच्चित्रांत तो अखंड राबतो, आंतून तापतो, आणि बाहेरील ऊन त्यांत भर घालतें. ऐन अक्षता पडतांना कॅमेरा गरम होऊन आपोआप बंद पडला, तर तो मुहूर्त पुन्हां येत नाहीं. म्हणूनच २०१९ मधील पॅनासॉनिक एस १ एच, २०२३ मधील एस ५ दोन अशा कांहीं कॅमेऱ्यांच्या पोटांत लहानसा पंखा बसविलेला आहे. कांहीं जुने कॅमेरे अर्ध्या तासाला एक सेकंद कमी असतांना थांबतात. त्याचें कारण तापमान नव्हे, तर युरोपांतील जकातीचा नियम होय. अर्ध्या तासाहून अधिक चित्रण करणाऱ्या यंत्रावर तेथें जास्त कर पडे, म्हणून कारखानदारांनींच ही मर्यादा घातली. जुना कॅमेरा विकत घेतांना ही मर्यादा आहे कीं नाहीं, हें पाहून घ्यावें.

चौथी गोष्ट सांठवणीची. फोर-के चलच्चित्र सेकंदास शंभर मेगाबिट या वेगानें नोंदविलें, तर तासाला पंचेचाळीस गिगाबाइट जागा लागते. तेवढ्या जागेंत दहा मेगाबाइटांचीं साडेचार हजार छायाचित्रें मावतात. लग्नाचे सहा तास टिपणाऱ्यानें कार्डें, घरच्या संगणकाची जागा, दुसरी प्रत ठेवण्याची पेटी आणि जादा बॅटऱ्या यांचा हिशेब आधीं मांडावा. बिनआरशाच्या कॅमेऱ्याचा पडदा सतत जळत असल्यानें त्याची बॅटरी मुळांतच लवकर संपते.

रात्रीच्या उजेडाचा प्रश्न दोघांनाही सारखाच. फेब्रुवारींत परभणीस हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. तेथील गर्दी, पाळणे, दुकानांचे दिवे हें सर्व रात्रींच पाहण्यासारखें. येथें मोठा सेन्सर उपयोगीं पडतो. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरचें क्षेत्रफळ एपीएस-सी या मधल्या आकाराच्या सव्वादोन पटींहून अधिक आहे, त्यामुळें तेवढ्याच उजेडांत त्याचें चित्र स्वच्छ येतें. पण एवढ्यावर भाळून जाऊं नये. मोठ्या सेन्सरास मोठीं भिंगें लागतात आणि तीं महाग व जड असतात. आपल्याकडील वीज सेकंदास पन्नास फेरे घेते. म्हणून ट्यूबलाइटच्या किंवा हलक्या दिव्यांच्या उजेडांत शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवल्यास चित्रांतील लुकलुक बहुधा टळते. आणखी एक खोड ध्यानांत असावी. पुष्कळ सेन्सर चौकट एकदम वाचीत नाहींत, वरून खालीं ओळीओळीनें वाचतात. पूर्णा जंक्शनवरून वेगानें जाणाऱ्या गाडीचे दरवाजे अशा चित्रांत तिरपे दिसतात. खरेदीपूर्वीं दुकानांतच कॅमेरा झटक्यानें डावीउजवीकडे फिरवून खांब किती कलतात तें पाहावें. या परीक्षेस पैसे पडत नाहींत.

आतां शेवटची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट, म्हणजे आवाज. छायाचित्र मुकें असतें व तें मुकेपण त्याला शोभतें. चलच्चित्र मुकें झालें कीं मेलें. चित्र थोडें हललें तरी पाहणारा सहन करतो. बोलणें ऐकूं आलें नाहीं तर तो उठून जातो. असें असूनही कॅमेऱ्याच्या अंगांतील ध्वनिग्राहकावर विसंबून लोक हजारों रुपये भिंगांवर घालतात. धाकट्या मुलानें कॅमेरा पारखतांना पहिला प्रश्न हाच विचारावा, कीं याला बाहेरचा माइक जोडतां येतो काय आणि कानाला यंत्र लावून आवाज तपासतां येतो काय. ही दुसरी सोय स्वस्त कॅमेऱ्यांत पुष्कळदां नसते.

येथें कोपऱ्यांतील आजी वादांत येते. परभणी जिल्हा हा जनाबाईचा. गोदाकांठचें गंगाखेड हें तिचें जन्मस्थान, आणि जातें म्हटलें कीं मराठी मनास जनाबाई आठवतेच. जात्यावरील ओव्या ही या भागांतील बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची संपत्ति होती. गिरणी आली, जातें कोपऱ्यांत गेलें, आणि ओवी म्हणण्याचें कारणच सरलें. हेमा राईरकर व गी पॉइत्वॅं यांनीं पुण्याहून चालविलेल्या कामांत अशा लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, आणि पुढें पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेनें त्या लोकांपुढें आणल्या. त्या संग्रहांत ताडकळसच्या बाईचा आवाजही आहे. परंतु प्रत्येक घरच्या ओव्या त्यांत नाहींत. भावाचें नांव, माहेरची वाट, गेलेल्या लेकराची आठवण ज्या ओवींत गुंफलेली असते, ती ओवी त्या त्या बाईबरोबर जाते.

या परभणीच्या घरांतील आजीला अशा ओव्या येतात. तिचें छायाचित्र उत्तम निघेल. सुरकुत्या, हातावरील गोंदण, खुंट्यावरील बोटें हें सर्व त्यांत स्पष्ट येईल आणि तें भिंतीवर शोभेल. पण ओवी त्यांत येणार नाहीं. उलट नुसता आवाज ठेवला, तर जात्याच्या फेऱ्याबरोबर ओवीचा चरण कोठें लांबतो आणि दमलेला हात कोठें क्षणभर थांबतो, हें दिसणार नाहीं. कुस्तीपुढें सावेदादांस जें कळलें, तेंच येथेंही खरें: विषयच साधन मागून घेतो.

मग या घरानें करावें काय? रक्कम एकच असल्यानें मध्यम आकाराच्या सेन्सरचा, चोवीस मेगापिक्सेलच्या आसपासचा, माइक जोडतां येणारा बिनआरशाचा कॅमेरा घ्यावा. सर्वांत महाग कॅमेऱ्याचा मोह टाळावा. वांचलेल्या पैशांतून मुलीसाठीं जवळून टिपणारें एक भिंग, मुलासाठीं एक बरा माइक आणि दोघांसाठीं एक भक्कम तिपाई आणावी. कॅमेऱ्याची नवी आवृत्ति लवकर येते व जुनीची किंमत घसरते. चांगलें भिंग व तिपाई मात्र पुष्कळ वर्षें पुरतात. लग्नाचें काम आलें तर मोठा कॅमेरा भाड्यानें आणावा. दोन लग्नसराया भाडें फेडून शिल्लक उरली, तरच कर्ज काढून विकत घेण्याचा विचार करावा. पहिल्याच वर्षीं कर्ज काढून यंत्र घेणारा तरुण यंत्राचा धनी होत नाहीं, हप्त्यांचा चाकर होतो.

भावंडांचें काम जेथें एक होतें, अशी जागाही आहे. फाळक्यांच्या वाटाण्याप्रमाणें कपाशीच्या एका बोंडापुढें कॅमेरा रोवून दर दहा मिनिटांस एक छायाचित्र घ्यावें. दिवसास १४४ व महिन्यास ४३२० चित्रें होतात. सेकंदास पंचवीस या वेगानें तीं दाखविलीं, तर तीन मिनिटांहून थोडें कमी चलच्चित्र तयार होतें. बहीण त्यांतील प्रत्येक चौकट अभ्यासासाठीं वापरील, आणि भाऊ तीच फीत लोकांना दाखवील.

एक गोष्ट मात्र कॅमेऱ्याची वाट पाहत थांबवूं नये. कोणता कॅमेरा घ्यावा हा वाद कदाचित् दिवाळीपर्यंत चालेल. आजीचें वय तेवढा धीर धरील, अशी हमी कोणीं द्यावी? घरांतील साध्या मोबाइलवरही ऐकण्याजोगा आवाज व पाहण्याजोगें चित्र येतें. तो तिपाईवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर स्थिर ठेवावा, पंखा बंद करावा, खिडकीचा उजेड आजीच्या चेहऱ्यावर एका बाजूनें येऊं द्यावा, माळ्यावरचें जातें खालीं काढावें आणि आधीं तिला विचारावें. ती नाहीं म्हणाली तर तिचा मान राखावा. ती हो म्हणाली, तर ओवी संपेपर्यंत मध्यें कोणीं बोलूं नये. नंतर त्या नोंदीच्या दोन प्रती करून दोन ठिकाणीं ठेवाव्या, आणि ओवींतील कोणतें नांव कोणाचें, तें तिच्या तोंडून ऐकून कागदावर लिहून घ्यावें. एवढें झाल्यावर दुकानांत जाण्यास मुहूर्त कोणताही चालेल.